1620 मध्ये इंग्लंडमधून अमेरिकेला वसाहतकरी नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजावरची चार मोर भावंडं अनाथ होती का? प्रत्येक वंशावळीत त्यांच्या तारखा वेगळ्या का?

अनाथ नव्हती. चौघांना अमेरिकेकडे रवाना केलं तेव्हा आई कॅथरीन आणि तिचा नवरा सॅम्युएल, दोघंही इंग्लंडमध्ये हयात होते. श्रॉपशायरमधल्या शिप्टनच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्यांच्या नोंदी आहेत: एलिनॉर 24 मे 1612, जॅस्पर 8 ऑगस्ट 1613, रिचर्ड 13 नोव्हेंबर 1614, मेरी 16 एप्रिल 1616. बऱ्याच वंशावळींत याच जन्मतारखा म्हणून उतरवल्या जातात. तसं करू नका, बाप्तिस्मा जन्मानंतरचा विधी आहे.

कॅथरीनचे जेकब ब्लेकवे नावाच्या माणसाशी संबंध आहेत, मुलं त्याच्यासारखी दिसतात, आपली नव्हेत, असं म्हणून सॅम्युएलने त्यांना आईपासून तोडलं. सुमारे चार वर्षं ती त्याच्या वडिलांची जमीन कसणाऱ्या कुळांकडे होती. मग 100 पौंड मोजून त्यांना वसाहतीला निघालेल्यांच्या हवाली केलं. सात वर्षं अन्नवस्त्र आणि शेवटी प्रत्येकी 50 एकर जमीन, असं ठरलं होतं. थोरली आठ वर्षांची, धाकटी चार.

हे कळतं ते मुख्यतः एका कागदावरून. मुलांचं काय केलंत, म्हणून कॅथरीनने 1622 मध्ये न्यायालयात दाद मागितली, त्याला सॅम्युएलने दिलेलं हे उत्तर 1959 मध्ये मोर घराण्याच्या लिनली हॉल या वाड्यात सापडलं. ते वाचताना एक धरून चला: हा प्रतिवादीचा जबाब आहे. ब्लेकवेशी आपलं आधीच ठरलं होतं, साक्षीदार नसले तरी देवापुढे ते लग्नच, हे कॅथरीनचं म्हणणंही आपल्यापर्यंत येतं ते तिच्या नवऱ्याच्याच कागदातून. त्यामुळे मुलांचा बाप ब्लेकवे, असं वंशावळीत ठामपणे लिहू नये. 'सॅम्युएलच्या आरोपानुसार' एवढंच लिहा.

जहाजावर मुलांना प्रवाशांच्या पुढाऱ्यांकडे सोपवलं: जॅस्परला कार्व्हरकडे, एलिनॉरला विन्स्लोकडे, रिचर्ड आणि मेरीला ब्रूस्टरकडे. इथे मोठी गफलत होते. वसाहतीचा गव्हर्नर ब्रॅडफर्डने प्रवाशांची यादी लिहिली ती तीसेक वर्षांनी, आणि ब्रूस्टरच्या घरात रिचर्ड व 'त्याचा आणखी एक भाऊ' असं नोंदवलं. तो भाऊ म्हणजे मेरी. एवढ्या एका शब्दामुळे काही जण पाचवं भावंड उभं करतात आणि मेरी यादीतूनच गळते.

जॅस्पर अमेरिकेच्या किनाऱ्यावर, केप कॉडच्या बंदरात 6 डिसेंबर 1620 ला वारला. ही तेव्हाच्या जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे, आजच्या हिशेबाने 16 डिसेंबर. शिवाय इंग्लंडमध्ये तेव्हा नवं वर्ष 25 मार्चला लागे, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींचं साल एकाने मागे दिसतं. आईवडिलांचं लग्न 4 फेब्रुवारी 1610 चं दिसलं तर ते आपलं 1611. दोन्ही आकडे 1610/11 असे लिहिले की घोळ होत नाही.

एलिनॉर आणि मेरीही त्याच पहिल्या हिवाळ्यात वारल्या. उरला फक्त रिचर्ड. 1627 मध्ये वसाहतीतली गुरं गटागटांत वाटली, त्या नोंदीत तो ब्रूस्टरच्या गटात सापडतो, 20 ऑक्टोबर 1636 ला क्रिस्टियन हंटरशी त्याचं लग्न झालं, पुढे तो मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला गेला आणि जहाजाचा कप्तान झाला. तेव्हा इतर तिघांपैकी कुणापासून वंश सांगणारी शाखा दिसली तर ती सरळ खोडा. रिचर्डची शाखा मात्र आजच्या पिढीपासून मागे जात तपासा. प्रत्येक पिढीला जन्म, लग्न, मृत्यू यांचा पुरावा हवा.

सेलममधल्या त्याच्या थडग्यावर मृत्यूचं साल 1692 आहे. ती ओळ विसाव्या शतकात कोरलेली आहे. 1694 च्या कागदात तो जिवंत आहे.