छर्ऱ्यांच्या काट्याआधी छर्रे
दहा मीटर एअर रायफल नव्याने हाती घेणाऱ्यांनी छर्रे तोलण्याचा डिजिटल काटा आधी विकत घेऊ नये; मी नागपूरच्या सीताबर्डीवरून हौसेने आणलेला काटा वर्षभर कपाटातच पडून होता. त्याच पैशांत ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर डोक्याच्या (म्हणजे पुढच्या भागाच्या व्यासाच्या) छर्ऱ्यांचे डबे घ्यावेत, रायफल शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक डब्यातले पाच छर्रे वेगळ्या कागदावर झाडून पाहावेत आणि ज्यांची छिद्रे एकमेकांत मिसळतील, त्याच बॅचचे चार-सहा डबे एकदम घेऊन ठेवावेत. मागचा पातळ घेर किंचितही चेपलेला छर्रा स्पर्धेत वापरू नये. शिसे हाताला लागते, म्हणून रेंजवरून निघाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तर्री-पोह्यांच्या गाडीवर थांबू नये.