बुंदीचे केस, वाशीची लॅब आणि 16,000 चं मशीन

प्रश्न (नेरूळहून, नाव छापू नका असं कळवलंय): आमच्याकडे चार वर्षांची ल्हासा जातीची कुत्री आहे, बुंदी. वर्षातून आठेक वेळा तिला सीवूड्सच्या सलॉनमध्ये नेते. तिथे 1,800 रुपये होतात. रिक्षावाले कुत्रं बघून थांबतच नाहीत, म्हणून कॅबचे येऊन-जाऊन 400 वेगळे. आता केस कापायचं मशीन घरीच घ्यावं म्हणते. एक 1,500 चं पाहिलंय, दुसरं 7,500 चं नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतंय. दिवाळीत भाऊ न्यू जर्सीहून येतोय, तो तिकडचं व्यावसायिक मशीन 16,000 पर्यंत आणून देईल. वाशीच्या नणंदेकडे लॅब्रॅडॉर आहे, ती निम्मे पैसे द्यायला तयार आहे. भावाचं मशीन घ्यावं का? त्यासाठी दोन महिने एसआयपी (म्युच्युअल फंडाचा महिन्याचा हप्ता) थांबवली तर चालेल का?

ताई, आधी नणंदेचे 8,000 हिशोबातून काढून टाका. लॅबचे केस मशीननं कापायचेच नसतात. तिला दुहेरी कोट असतो. वरचे राठ केस ऊन-पाणी अडवतात आणि खाली मऊ लव असते. उन्हाळा आहे म्हणून तो सरसकट उतरवला तर पुन्हा येताना चट्ट्याचट्ट्यानं येऊ शकतो. घरभर केस पडतात हे खरं, पण त्यावर उपाय ब्रशचा, कात्रीचा नाही. ल्हासाची गोष्ट वेगळी. तिचे केस माणसासारखे वाढतच राहतात, ते कापावेच लागतात. म्हणजे मशीन एकट्या बुंदीचं आणि खर्चही एकट्या तुमचा.

आता अमेरिकेचं मशीन. तिकडची वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, हर्ट्झ बदलत नाहीत. चुंबकी मोटरचं मशीन विजेच्या ठेक्यावर, म्हणजे या हर्ट्झवर चालतं. तिकडे मिनिटाला 7,200 फेऱ्या मारणारं पातं नेरूळच्या प्लगवर 6,000 वर येतं आणि वर खडखडतं. बॅटरीवर चालणारं, दोन्हीकडचं व्होल्टेज घेणारं असेल तर ही अडचण नाही, पण वॉरंटीसाठी भावाला पुन्हा विमानात बसवणार का? सोळा हजारांची वस्तू दुरुस्तीला न्यायची कुठे, हे ठरल्याशिवाय घेऊ नये. हे मी गाड्यांबद्दलही सांगतो.

1,500 च्या मशीनवर मात्र मी जास्त चिडतो. ल्हासाच्या दाट केसांत त्याची मोटर दमते, पातं अडकतं, केस ओढले जातात. कुत्र्याला एकदा दुखलं की पुढच्या वेळी ते समोर उभंच राहत नाही, आणि मग कितीही महाग मशीन आणलं तरी उपयोग होत नाही. नौपाड्यात आमच्याच घरी असं झालंय. स्वस्तातलं आणलं, सुरू केलं, कुत्रं दिवाणाखाली गेलं ते जेवायलाही बाहेर येईना. मशीन माळ्यावर गेलं, शेजारी माझी व्यायामाची सायकल होतीच. पुढे बायकोनं ते खाली काढलं, आठवडाभर रोज कुत्र्याच्या जेवणाच्या वेळी नुसतं ओट्यावर चालू ठेवलं आणि हळूहळू जवळ आणलं. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा.

राहिलं 7,500 चं. त्यात एकच गोष्ट तपासा: पातं सुटं निघतं का आणि ते ए-5 बसणीचं आहे का. वाल, अँडिस, ऑस्टर, कुणाचंही ए-5 पातं एकमेकांच्या मशीनवर बसतं. पुढची दहा वर्षं एकाच कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही. पात्याचा नंबर जितका मोठा तितके केस बारीक कापले जातात: 10 नंबरचं पातं सुमारे दीड मिलिमीटर केस ठेवतं, 4 नंबरचं नऊ-साडेनऊ. 10 नंबरचं पोटाखाली आणि पंज्यांना, अंगासाठी 4 किंवा 5.

हिशोब करू. आज वर्षाला आठ फेऱ्या गुणिले 2,200, म्हणजे 17,600. घरी घेतलंत तर मशीन 7,500, जादा पात्याचे दीड हजार धरा, तेल-कंगवा-ब्रशचे हजार, झाले 10,000. सलॉन पूर्ण बंद करू नका. वर्षातून तीनदा तरी न्या, कान आणि चेहऱ्याभोवतीचं काम त्यांच्या हातचंच बरं. त्याचे 6,600. एकूण 16,600. पहिल्या वर्षी वाचले फक्त हजार! दुसऱ्या वर्षापासून धार लावण्याचे हजारभर धरले तरी खर्च 7,600 वर येतो आणि खरे दहा हजार वाचतात. म्हणून प्रश्न मशीनच्या किमतीचा नाही, पुढच्या दिवाळीलाही तुम्ही ते वापरत असाल का, हा आहे. त्याची चाचणी स्वस्तात होते. आत्ता फक्त स्टीलचा कंगवा घ्या आणि सहा आठवडे एक दिवसाआड बुंदीला विंचरा, अगदी कातडीपर्यंत. पावसाळ्यात काखेत आणि कानांमागे गुंते होतात, आणि गुंत्यात मशीन चालत नाही. विंचरणं जमलं तर कापणं जमेल. कंटाळा आला तर तुमचे साडेसात हजार वाचले.

घ्यायचं ठरलं तर रोख घ्या. नो-कॉस्टमध्ये विक्रेता व्याजाइतकी सूट देतो, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो, आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी. ती 199 धरली तर जीएसटीसकट 235. म्हणजे साडेसात हजारांवर तीनशेच्या आसपास जातात, तेवढ्यात पात्याच्या तेलाची बाटली येते. एसआयपीला हात लावू नका. सलॉनच्या दोन फेऱ्या पुढे ढकलल्यात की 4,400 तिथेच उभे राहतात.

कापताना दर पाच मिनिटांनी पातं मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर तिलाही बसतोय; थांबा, तेल घाला, गार होऊ द्या. आणि कापणं अंघोळीनंतर, केस पूर्ण वाळल्यावरच. मळक्या केसांनी धार लवकर जाते, आणि ओल्या केसांत पातं फरफटतं.

भावाला मशीन नको म्हणून आजच कळवा, त्यानं ऑर्डर देण्याआधी. नणंदेला रबरी ब्रश द्या, लॅबला तो पुरतो.