जुना डेस्कटॉप, मॅकबुक आणि लिनक्स : एका घराला कोणता राऊटर?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. नारायण बागेत आमचं जुनं दुमजली घर आहे. भिंती चुन्या-विटांच्या, दीड फुटी. फायबरचं 200 एमबीपीएसचं कनेक्शन आहे. खाली यजमानांचा विंडोज 7 चा डेस्कटॉप आहे. त्यात जुनं टॅली आहे आणि ते सोडायला ते तयार नाहीत. वर लेकीचं मॅकबुक, मुलाच्या लॅपटॉपवर लिनक्स, आणि सगळ्यांत मिळून खाली एक वाय-फाय प्रिंटर. कनेक्शनबरोबर आलेल्या डब्याचा सिग्नल वर पोचत नाही. जेल रोडवर एका दुकानदाराने सहा अँटेनांचा राऊटर दाखवला. म्हणाला, घरात मॅक असेल तर हाच लागेल. घ्यावा का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, नका घेऊ. निदान त्या कारणासाठी तरी नाहीच. मॅक, विंडोज आणि लिनक्स तिन्ही राऊटरशी एकाच पद्धतीने, टीसीपी/आयपीने बोलतात. मॅकसाठी वेगळा राऊटर असा प्रकार नसतो. एवढंच बघा की त्याचं सेटिंग ब्राउझरमध्ये 192.168.0.1 किंवा 192.168.1.1 असा पत्ता टाकून उघडतं. काही मॉडेल फक्त मोबाइल अॅपवर चालतात, ती टाळा. घरात कुठल्याही कॉम्प्युटरवरून राऊटर उघडता आला पाहिजे.

तुमच्या घरात अडचण आहे ती यंत्रांच्या वयाची. विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 ला बंद झाले, आणि 2018 मध्ये आलेली डब्ल्यूपीए3 ही वाय-फायची नवी सुरक्षा त्याला चालत नाही. मग लोक काय करतात, तर त्या एका डेस्कटॉपसाठी सगळ्या घराचं सेटिंग खाली आणतात. हे मला अजिबात पटत नाही. डेस्कटॉप जागचा हलत नाही, त्याला केबल लावा. बऱ्याच राऊटरमध्ये 'पॅरेंटल कंट्रोल' असतं, म्हणजे कोणत्या यंत्राला इंटरनेट द्यायचं ते ठरवायची सोय, त्यातून त्याचं इंटरनेटही बंद करता येतं. टॅली चालू राहील, प्रिंटही निघेल, आणि यजमानांचे वर्षानुवर्षांचे हिशेब बाहेरच्या धोक्यापासून बरेच सुरक्षित राहतील. प्रिंटरचं मात्र बघावं लागेल. वाय-फायचे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे असतात. बरेचसे घरगुती प्रिंटर 2.4 गिगाहर्ट्झवर आणि आधीच्या डब्ल्यूपीए2 सुरक्षेवरच चालतात, म्हणून सेटिंग 'डब्ल्यूपीए2/डब्ल्यूपीए3' असं मिश्र ठेवा. प्रिंटर पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या 'गेस्ट नेटवर्क'वर टाकू नका, लेकीच्या मॅकबुकला तो सापडणारच नाही.

आता राऊटर. वाय-फाय 6, दोन्ही बँडचा आणि सगळी पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या जागा, गिगाबिटची (1000 एमबीपीएसची), असं स्पष्ट सांगून मागा. स्वस्त राऊटरच्या खोक्यावर मोठ्ठं '1200' छापलेलं असतं, पण मागची पोर्ट पुष्कळदा 100 एमबीपीएसचीच असतात. तुमचं कनेक्शन 200 चं, म्हणजे अर्धे पैसे त्या पोर्टातच अडकले. दुकानात उभं राहून कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं शेवटचं अपडेट कधी आलं तेही बघा. दोन वर्षांत काहीच आलेलं नसेल तर तो राऊटर परत ठेवा. मुलाला राऊटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत, लिनक्सवर आधारलेलं सॉफ्टवेअर टाकायची हौस असेल, तर त्याने राऊटरच्या खालच्या लेबलवरचा व्हर्जन नंबर त्यांच्या यादीशी ताडून घ्यावा. एकाच नावाच्या मॉडेलच्या आत चिप वेगळी निघू शकते.

मुलाच्या लॅपटॉपला अडचण यायला नको. एखादा जुना विंडोज लॅपटॉप कधी घरात आला आणि त्याला नवं नेटवर्क यादीत दिसलंच नाही, तर राऊटरला दोष देऊ नका. काही जुन्या इंटेल कार्डांचा ड्रायव्हर अपडेट केला की ते दिसायला लागतं.

आणि दीड फुटी भिंत. तिच्यातून 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ संपतो, 2.4 चा रडतखडत पोचतो. सहा काय, आठ अँटेनांनीही त्यात फरक पडणार नाही. माझं ऐकाल तर जिन्याच्या कडेने वरपर्यंत एक कॅट 6 नेटवर्क केबल न्या आणि नवा राऊटर वरच्या मजल्यावर 'अॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये लावा, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवेल. खाली आत्ताचा डबा राहू दे, डेस्कटॉपची केबल आणि त्याचं 'पॅरेंटल कंट्रोल' त्यातच. अॅक्सेस पॉइंट मोड विसरू नका, नाहीतर घरात दोन राऊटर आपापले पत्ते वाटत बसतील आणि वरच्या लॅपटॉपना खालचा प्रिंटर दिसणार नाही. दोन्हीकडे नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा.

प्रश्न : राऊटर फ्रिजवर ठेवला आहे. मे महिन्यात दुपारी हमखास बंद पडतो, संध्याकाळी नीट चालतो. बदलावा का?
— एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : आधी तिथून हलवा. घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा 0 ते 40 अंश असं दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळिशी पार होते, त्यात फ्रिजची गरमी. शिवाय फ्रिजचा पत्रा सिग्नलही अडवतो. खोलीच्या मधल्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर, वारा लागेल असा टांगा. आठवडाभराने तरीही बंद पडत असेल तर तेवढ्याच व्होल्ट आणि किमान तेवढ्याच अँपियरचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. पुष्कळदा राऊटरपेक्षा अडॅप्टर आधी दगा देतो, आणि तो बदलणं स्वस्तही पडतं.