शिंगं तुटलेल्या शेंबडीला उजेड कळतो का?

प्रश्न: पावसाळ्यात आमच्या कुंड्यांखाली शेंबड्या निघतात, म्हणजे त्या बिनशंखाच्या गोगलगायी. त्यांचे डोळे वरच्या लांब शिंगांच्या टोकाला असतात ना, मग शिंगं तुटली की उजेड-अंधार कळणं बंद होतं का? आणि शिंगं परत येतात का? – एक वाचक, सांगली

उत्तर: बंद नाही होत, आणि हे जपानमध्ये चक्क करून बघितलंय. लिमॅक्स जातीच्या शेंबड्यांची वरची दोन्ही शिंगं डोळ्यांसकट कापली तरी त्या उजेडातून सरकत सरकत अंधारात गेल्याच, २०१९ साली हे छापून आलं. डोक्यावर निळा प्रकाश टाकला की त्या टाळायच्या, लाल टाकला तर ढिम्म, आणि शेपटीवर टाकून काही उपयोग नाही. म्हणजे जे काय आहे ते डोक्यात! मग मेंदूच बाहेर काढून त्यावर प्रकाश टाकला, तर ४०० ते ४८० नॅनोमीटरच्या म्हणजे जांभळ्या-निळ्या प्रकाशाला त्याच्या नसेत सिग्नल उमटले. आपल्या डोळ्यात प्रकाश पकडणारं ऑप्सिन नावाचं प्रोटीन असतं ना, त्याच घराण्यातले जीन्स हिच्या मेंदूत चालू सापडले. अर्थात याला बघणं म्हणता येणार नाही, चित्रबित्र काही दिसत नाही, फक्त उजेड आहे एवढं कळतं.

मला स्वतःला मात्र शिंपल्याचं प्रकरण जास्त भारी वाटतं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर सर्फ क्लॅम म्हणून मोठा शिंपला मिळतो, त्याला डोळेच नाहीत. डोनाल्ड केनेडी यांनी (हे पुढे स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट झाले) १९६० मध्ये दाखवलं की त्याच्या एका नसेलाच प्रकाश कळतो, उजेड असेपर्यंत ती गप्प आणि सावली पडली रे पडली की धडाधड सिग्नल सोडते आणि शिंपला आपली नळी आत ओढून घेतो. माशाची सावली ओळखायला एवढं पुरतं की.

समुद्री सशात (ही समुद्रातली एक गोगलगायच) तर वेगळाच प्रकार, त्याच्या आर-टू नावाच्या अवाढव्य न्यूरॉनमध्ये, म्हणजे चेतापेशीत, रंगीत कण असतात, प्रकाश पडला की ते कॅल्शियम सोडतात, त्याने पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारं उघडतात आणि न्यूरॉन शांत होतो.

आणि हो, शेंबडीची शिंगं परत उगवतात, डोळ्यांसकट, पण वेळ लागतो.