सिनेगॉगला मराठीत काय म्हणायचं? मशीद, देऊळ की सभास्थान

प्रश्न थोडक्यात असा: "माझे आजोबा रेवदंड्याचे. तिथल्या ज्यू लोकांच्या प्रार्थनेच्या जागेला ते सरळ 'मशीद' म्हणायचे. लग्न होऊन पुण्यात आले तर इथे सगळे 'लाल देऊळ' म्हणतात, तेही ज्यूंचंच. आता एका लेखात लिहायचंय, तर शुद्ध मराठी शब्द कोणता? आणि आजोबा चुकीचं बोलत होते का?"

आधी आजोबांचं बघू. अजिबात चुकीचं बोलत नव्हते. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, स्वतःच आपल्या प्रार्थनागृहाला मशीद म्हणायचे. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अज्ञानातून चिकटवलेलं नाव नाहीये ते, घरातलंच आहे. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 साली मांडवी भागात उभं राहिलं, शआर हारहामिम, अर्थ 'दयेचं द्वार'. पण हे नाव कागदावर. बोलताना ती 'जुनी मशीद'. पुढे 1840 च्या सुमाराला दुसरं सिनेगॉग झालं ते ओघानेच 'नवी मशीद'. जुनी ज्यांनी बांधली ते सॅम्युअल इझिकिएल दिवेकर, घरगुती नाव सामाजी हसाजी. कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटून आल्यावर ही मशीद बांधली. कसे सुटले त्याची गोष्ट समाजात अशी सांगतात की टिपूच्या आईने जात विचारली, यांनी 'बेने इस्रायल' सांगितलं, आणि कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हेच लोक म्हणून तिने जीव वाचवला. दंतकथा म्हणून सोडून द्या हवं तर, पण कुराणात 'बनी इस्राईल' हे शब्द आहेत हे खरंच आहे. त्यांच्याच नावाने तिथली सॅम्युअल स्ट्रीट. तिथून जवळच मशीद बंदर स्टेशन, आणि त्या नावातली मशीद ती हीच असं ज्यू मंडळी ठासून सांगतात, तर बाकीचे म्हणतात छे, ती मुसलमानांची. दोन्ही बाजूंनी पुरेशी भांडणं झालीयेत, मी त्यात पडत नाही.

आता मशीद का? मुळात हा अरबी शब्द मस्जिद, सजद धातूपासून, ज्यातून सिजदा आलाय. म्हणजे जिथे देवापुढे माथा टेकवायचा ती जागा, बस. 'मुसलमानांची' हा अर्थ शब्दाच्या पोटात नाही, वापराने आलाय. आता कुलाबा जिल्ह्यातल्या (म्हणजे आताच्या रायगडच्या) गावात बसून विचार करा, शेजारी दोनच नमुने, देऊळ आणि मशीद. देवळात मूर्ती, आणि यांच्याकडे मूर्ती नाही, सुंता आहे, देव एक, प्राण्याची मान ठराविक पद्धतीने कापायची. मग मशीद शब्द जवळचा वाटला तर नवल काय. बरं एवढाच एक शब्द नाही घेतलाय. त्यांचे धर्माचं बघणारे, तंटे सोडवणारे जे असायचे त्यांना 'काजी' म्हणत, झिराड, शापूरकर, राजपूरकर अशी त्यांची घराणी. उपासाला 'रोजा'. नंतर एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक म्हणून आले, त्यांनी हिब्रू प्रार्थना शिकवल्या, तेव्हा 'हज्जान' (प्रार्थना म्हणवून घेणारा) वगैरे शब्द रुळले आणि काजी मागे पडले.

पण मग सगळं मुसलमानी वळणाचं का, तर तसंही नाही, सणांची नावं ऐका: योम किप्पूर म्हणजे 'दारफाळणीचा सण', कारण त्या दिवशी पांढरे कपडे घालून, उपास करून, दारं लावून घरातच बसायचं, कोणाशी बोलायचं नाही. रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण'. पुरीम तर थेट 'होळीचा सण', दोन्ही साधारण त्याच दिवसांत येतात ना. आणि माझा लाडका, 'बिरड्याचा सण', म्हणजे तिशा बआव, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाचा दिवस! बाकी जगातल्या ज्यूंना तो दिवस उद्ध्वस्त मंदिरासाठी आठवतो, आणि अलिबागकडच्यांनी त्याला नाव दिलंय वालाच्या बिरड्याचं. मी कोकणातली असल्याने मला हे पूर्ण पटतं. नवसाला किंवा शुभकार्याला 'मलिदा' करतात, गोड पोहे, खोबरं, फळं असं ताट, एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, त्याच्या नावाने, आता मलिदा हा फारसी शब्द, पोहे आपले आणि हन्नबी हिब्रू, तीन गावचं पाणी एका ताटात. माणसांची नावंसुद्धा सामाजी, हसाजी, एलोजी, आणि आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर. धंदा तेलाचा, आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. गावाला कोण कुठल्या देवाला भजतो यापेक्षा तेल कधी मिळणार नाही हे जास्त महत्त्वाचं होतं असं दिसतं.

पुण्याचं लाल देऊळ ही वेगळीच कथा. ते ओहेल डेव्हिड, कॅम्पात, डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं 1863 ला आणि पूर्ण झालं 1867 ला, मधेच 1864 मध्ये ते वारले, त्यांची कबर तिथेच आवारात आहे. ससून बगदादी ज्यू, बेने इस्रायल नव्हेत, घरात मराठी नाही, मशीद म्हणायची सवय नाही. म्हणजे इथे नाव ठेवलं ते बाहेरच्यांनी. लाल विटांची इमारत, वर उंच टोकदार मनोरा, बघणाऱ्याला चर्चच वाटावं अशी. आणि चर्चला देऊळ म्हणायची पद्धत मराठीत होतीच, वसईकडचे ख्रिस्ती अजून घरात 'देवळात जाऊन येतो' म्हणतात ते चर्चलाच. (गोव्यात इगर्ज, ते पोर्तुगीजमधून.) तर माझा अंदाज असा की कॅम्पातल्या मराठी माणसाने मनोरा बघितला, देऊळ म्हटलं, रंग बघितला, लाल म्हटलं, विषय संपला. गंमत म्हणजे त्याच पुण्यात रास्ता पेठेत बेने इस्रायलांचं स्वतःचं सिनेगॉग आहे, सुक्कथ शेलोमो, 1921 चं, त्याला कोणी पिवळं देऊळ, निळं देऊळ असलं काही म्हणताना मी ऐकलेलं नाही.

तिसरा शब्द तुम्ही विचारला नाही पण तो सगळ्यात 'शुद्ध' आहे: सभास्थान. मराठी बायबल उघडा, येशू गालीलात फिरत 'सभास्थानांत' शिकवतो, ते म्हणजे सिनेगॉगच. भाषांतर एकदम चोख, कारण ग्रीक सिनागोगे म्हणजे एकत्र जमणं, आणि हिब्रूत बेत क्नेसेत, जमण्याचं घर. (इस्रायलची संसद ती क्नेसेत, तोच शब्द.) अडचण एकच, हा शब्द पुस्तकात राहिला. सभास्थान म्हटलं की मला तरी ग्रामपंचायतीचा हॉल आठवतो. दोन वर्षांपूर्वी अलिबागला रिक्षावाल्याला आधी सिनेगॉग म्हणून बघितलं, तो बघतच राहिला, मग हौसेने ज्यूंचं प्रार्थनास्थळ असं पुस्तकी मराठी बोलले, तरी नाही, शेवटी 'इस्राएल आळी' म्हटल्यावर "मग आधी सांगायचं ना" म्हणून किक मारली. अलिबागचं सिनेगॉग, मागेन आबोथ, तिथेच आहे.

असं आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी झालंय. कोल्हापूर-सांगलीकडे दिगंबर जैनांच्या देवळाला 'बस्ती' म्हणतात, कानडी बसदिवरून, आणि मुंबईत गुजराती जैनांचं ते 'देरासर', धर्म एकच पण शब्द ज्या त्या शेजारातून आलेला. पारशांची अग्यारी गुजरातीतून आली आणि मराठीने ती जशीच्या तशी घेतली, 'पारशी देऊळ' वगैरे करत बसली नाही.

बेने इस्रायलांच्या तोंडूनही मशीद शब्द हळूहळू गेला. इंग्रजी शाळा, मुंबईच्या नोकऱ्या, मग 1948 नंतर बहुतेक लोक इस्रायलला गेले, त्या वेळी वीसेक हजार होते, आता भारतात चार-पाच हजार उरलेत, आणि आज ते सिनेगॉगच म्हणतात. तिकडे गेलेल्यांनी मराठी मात्र टिकवली, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघायचं.

तर लेखात काय लिहायचं: तुमच्या स्वतःच्या वाक्यात 'सिनेगॉग' लिहा, सगळ्यांना कळतं आणि आजची मंडळी तेच म्हणतात. ससूनचं जिथे येईल तिथे 'लाल देऊळ', ते विशेषनामच झालंय, बदलू नका. बायबलचा संदर्भ असेल तरच सभास्थान. आणि आजोबांचं वाक्य असेल तिथे मशीदच ठेवा, पुढे कंसात खुलासा नको, हवं तर आदल्या वाक्यात सांगा की तिकडे असं म्हणत.

एक मात्र आठवून सांगा, आजोबा नुसतं 'मशीद' म्हणायचे की 'जुनी मशीद'? जुनी म्हणत असतील तर ते रेवदंड्याचं नाही, मुंबईतल्या मांडवीचं बोलत असण्याची शक्यता जास्त आहे.