आधी दुसऱ्याच्या गाडीचे टायर पुसा

तुम्ही विचारलंय की मित्राबरोबर कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ फमोसो ट्रॅकवर मार्च मीट, म्हणजे जुन्या गाड्यांच्या ड्रॅग रेस (दोन गाड्या शेजारी-शेजारी, सरळ पाव मैल), बघून आलो, तेव्हापासून डोक्यातून जात नाही, १९५५ ची शेवी (शेव्हरले) विकायला दिसतेय, घेऊन टाकू का. नका घेऊ. निदान यंदा तरी नका. मी हेच करून बसलोय, फोटोवर भाळून गाडी आणली, गॅरेजमध्ये खरवडली तर रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली गंज आणि गंजाखाली थेट फरशी. बायको अजून ऐकवते.

आणि खूळ लागलं यात तुमचा दोष नाही हो. मार्च मीट १९५९ पासूनचं, तिथे नायट्रोच्या, म्हणजे नायट्रोमिथेन या रेसिंगच्या इंधनाच्या, धुराने डोळे चुरचुरले की माणूस गेलाच. नायट्रोमिथेनमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट इंधन जाळता येतं, म्हणून तो आवाज कानात नाही, बरगड्यांत बसतो. त्यात ते जुने लांबुळके ड्रॅगस्टर, फक्त याच शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्या, इंजिन पुढे आणि ड्रायव्हर मागच्या चाकांच्याही मागे, काही फुटलं तर सगळं त्याच्याच अंगावर. १९७० ला कॅलिफोर्नियातल्याच लायन्स ट्रॅकवर नामांकित ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि उजव्या पायाचा काही भाग गेला, त्यानंतर पठ्ठ्याने इंजिन मागे नेलं, १९७१ ला पोमोनाच्या ट्रॅकवर जिंकला आणि पुढच्या इंजिनवाल्यांचे दिवस भरले. आपण बघतो ते त्याच्या आधीचं जग, हौसेने जिवंत ठेवलेलं.

पण तुमच्या-माझ्यासारख्याच्या वाट्याला नायट्रो येत नाही, खिसा परवानगी देत नाही. आपण इंडेक्सवाले, क्लासला आधीच वेळ ठरवून दिलेली असते. म्हणजे समजा तुमच्या क्लासचा इंडेक्स १०.६० सेकंद, तर पाव मैल तेवढ्यातच काढायचा, १०.५८ मारलात आणि शेजारचा १०.६३ ने नीट आला तर तो जिंकला, तुम्ही ब्रेकआउट, म्हणजे इंडेक्सपेक्षा लवकर पोचलात म्हणून बाद. मला हे पचायला दोन वर्षं लागली, जोरात पळवलं म्हणून हरायचं म्हणजे काय राव! मग कळलं की खरी गंमत तीच आहे, सकाळी थंड हवेत गाडी सुसाट, दुपारी तापलं की तीच गाडी मरगळते, आणि तुम्ही वहीत तापमान लिहून कार्ब्युरेटरचे जेट (इंधन किती जायचं ते ठरवणारी छोटी भोकं) बदलत बसता.

तर सुरुवात क्रू म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवरचा मदतनीस म्हणून करा. पिटमध्ये, जिथे गाड्या तयार करतात तिथे, फिरा, गाडी आवडली की सरळ विचारा, मदत करू का. बरेच जण साठी-सत्तरीतले, गुडघे गेलेले, टायर उचलायला माणूस हवाच असतो. माझं पहिलं वर्ष टायर पुसणं, प्रेशर बघणं आणि बर्नआउट (शर्यतीआधी टायर जागीच फिरवून तापवणं) झाल्यावर हाताने खुणा करत गाडी तिच्याच काळ्या पट्ट्यांवर मागे आणणं, एवढ्यातच गेलं. इतकं शिकलो की हे आधी कळलं असतं तर ती गंजकी गाडी घेतलीच नसती.

गाडी घ्यायची वेळ आलीच तर रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा लोखंडी पिंजरा) झालेली, पळणारी घ्या, आणि विकणाऱ्याकडे टाइम स्लिपा, म्हणजे ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठ्या, मागा. पाव मैल ११.४९ सेकंदांच्या आत काढलात की रोल बार (डोक्यामागचा लोखंडी कमानी दांडा) लागतो, ९.९९ च्या आत केज आणि रेसिंगचं लायसन्स, हे सगळं नंतर करून घेणं फार महागात पडतं.

ऑक्टोबरात फमोसोलाच हॉट रॉड रियुनियन हा जुन्या गाड्यांचा मेळावा असतो, त्याला या. अंधार पडताना जुने ड्रॅगस्टर रांगेत उभे करून, न पळवता नुसती इंजिनं सुरू करतात, ज्वाळा बघायच्या तर तेव्हाच. कानात प्लग घाला. मी ज्याच्या गाडीवर क्रू असतो त्या आमच्या म्हाताऱ्याला माझ्या घरचं लिंबाचं लोणचं आवडतं, म्हणून हातात बरणी दिसली की समजा तो मीच.