‘नेग्लिजंट’चा अनुवाद करताना

चि. यास अनेक आशीर्वाद.

मोटार अपघाताच्या निकालपत्राचा तू पाठवलेला अनुवाद लक्षपूर्वक वाचला. भाषा स्वच्छ आहे, कलमांचे आकडेही बिनचूक आहेत. मात्र ‘केअरलेस’, ‘नेग्लिजंट’ आणि ‘रॅश’ या तिन्ही विशेषणांसाठी तू सरसकट ‘निष्काळजी’ हा एकच शब्द योजला आहेस, आणि ज्या भेदावर सारा निकाल उभा आहे तो भेदच त्यामुळे मराठीत पुसला गेला आहे. म्हणून हे पत्र.

‘केअरलेस’ हा शब्द लक्ष नसण्याविषयी बोलतो. गणितात हातचा धरायचा राहिला, छत्री लोकलमध्ये विसरली, तर ती व्यक्ती ‘केअरलेस’ ठरते. ‘नेग्लिजंट’ म्हणण्याआधी मात्र त्या व्यक्तीवर काळजी घेण्याची जबाबदारी होती, आणि ती तिने पाळली नाही, असे म्हणावे लागते. स्वतःची छत्री हरवणाऱ्याला कोणी ‘नेग्लिजंट’ म्हणत नाही. रेल्वे फाटक उघडे टाकून निघून जाणाऱ्या गेटमनला म्हणतात. पहिल्या शब्दात तक्रार आहे, दुसऱ्यात आरोप आहे.

ही जबाबदारी येते कुठून, हे समजून घ्यायचे असेल तर स्कॉटलंडमधला एक खटला नीट वाच. 26 ऑगस्ट 1928 रोजी पेस्ली येथील एका कॅफेत मे डोनोह्यू या बाईंसाठी सोबतच्या व्यक्तीने जिंजर बिअर मागवली. बाटली गडद, अपारदर्शक काचेची होती, आणि उरलेले पेय ओतताना तिच्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे बाईंचे म्हणणे होते. पैसे त्यांनी दिलेले नव्हते, त्यामुळे दुकानदाराशी किंवा उत्पादकाशी त्यांचा कोणताही करार नव्हता, आणि कराराशिवाय दाद मागायची कशाच्या आधारे, हा प्रश्न थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेला. मे 1932 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय झाला की उत्पादकावर अखेरच्या ग्राहकाप्रती काळजी घेण्याचे कर्तव्य असते. आपल्या कृतीमुळे ज्यांना इजा होईल हे वाजवी विचाराने आधीच दिसू शकते, ते सारे कायद्याच्या दृष्टीने आपले शेजारी, असे त्या न्यायाधीशांपैकी लॉर्ड ॲटकिन यांनी मांडले. गोगलगाय बाटलीत खरोखर होती का, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही, कारण पुढे प्रकरण तडजोडीने मिटले. तरीही ‘नेग्लिजंट’ या शब्दाला आज जे वजन आहे, ते मोठ्या प्रमाणात या निकालाने दिलेले आहे, असे मी मानतो.

आपल्याकडे भारतीय दंड संहितेत 1870 साली घातलेल्या, अशा कृतीने मृत्यू घडवण्याच्या गुन्ह्याविषयीच्या 304-अ कलमात ‘रॅश’ आणि ‘नेग्लिजंट’ हे शब्द ‘किंवा’ने जोडलेले होते, म्हणजे ते समानार्थी नव्हते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1881 मध्येच त्यांची फोड केली: धोका आहे हे जाणूनही तो पत्करणे हा ‘रॅश’पणा, आणि घ्यायला हवी ती वाजवी काळजी न घेणे ही ‘नेग्लिजन्स’. शिवाय दिवाणी भरपाईला पुरेशी असणारी ‘नेग्लिजन्स’ फौजदारी शिक्षेला पुरेशी ठरेलच असे नाही. 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यात अत्यवस्थ रुग्णासाठी आणलेला प्राणवायूचा सिलिंडर रिकामा निघाला होता. तरीही डॉक्टरांवरचा फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण गुन्हा ठरण्यासाठी ती चूक ढोबळ, अतिशय गंभीर असावी लागते. ‘ग्रॉस’ हा शब्द कलमात छापलेला नाही, तरी तो वाचावा लागतो, असे न्यायालयाने सांगितले. 1 जुलै 2024 पासून त्या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाने घेतली आहे.

आता मराठीकडे वळू. ‘नेग्लिजंट’साठी आपल्याकडे ‘हयगय’ हा नेमका शब्द आहे, कारण हयगय नेहमी नेमून दिलेल्या कामात होते. ‘रॅश’साठी ‘बेदरकार’ किंवा ‘अविचारी’ लिहावे. पोलिसांच्या फिर्यादीत ‘हयगयीने व बेदरकारपणे वाहन चालवून’ असे लिहिलेले तू पाहिले असशील; ती जोडी उगाच आलेली नाही, म्हणून तिचा एक शब्द गाळू नकोस. फक्त ‘कोणाचीही हयगय केली जाणार नाही’ या वाक्यात हयगय म्हणजे गय, सूट. तिथे गल्लत होऊ देऊ नकोस. ‘निष्काळजी’ हा शब्द ‘केअरलेस’साठी राखून ठेव.

न्यायालयाबाहेर हे शब्द थोडे सैल होतात. ‘केअरलेस ऑफ डेंजर’ म्हणजे धोक्याची पर्वा नसलेला, आणि त्यात कधी कौतुकही असते. ‘नेग्लिजंट’चाही एक जुना, ललित उपयोग आहे: एखाद्याच्या सहज, बेफिकीर ऐटीसाठी. ‘नेग्लिजिबल’ मात्र वेगळाच शब्द, त्याचा अर्थ नगण्य.

तुझ्या अनुवादात आणखी एक दुरुस्ती हवी आहे. चालकाने हयगय केली, हे विधान तू अर्जदाराची बाजू मांडणाऱ्या परिच्छेदातही निश्चितार्थाने लिहिले आहेस. तिथे तो केवळ आरोप आहे, तेव्हा ‘हयगय केली, असे अर्जदाराचे म्हणणे आहे’ असे लिही. न्यायाधिकरणाचा निष्कर्ष शेवटच्या पानांवर येतो, तिथे ‘असे म्हणणे आहे’ काढून टाक.